मेणावरचे सूर आणि प्लॅस्टिकची दोन कुळे

तंजावूरच्या वीणाकाराचे लाकूडकाम संपते तेव्हा वीणा अजून मुकीच असते. फणसाच्या लाकडाचा घट कोरून झालेला असतो, दांडी बसलेली असते, टोकाला व्यालाचे मुखही डोळे वटारून तयार असते. हे लाकूड बहुधा कडलूर जिल्ह्यातील पण्रुट्टीच्या बाजूने येते, आणि ते घडविण्यात आठवडेच्या आठवडे जातात. परंतु पडदे बसल्यावाचून त्या वाद्याला स्वर कोठून येणार? ते काम शेवटी होते आणि ते सुताराच्या हत्यारांनी होत नाही. ते होते मेणाने.

मधमाशीच्या मेणात कोळशाची बारीक पूड कालवून काळाभोर लगदा करतात. दांडीच्या दोन्ही कडांवर त्याचे उंच काठ उभारतात आणि त्यांवर पितळेचे किंवा काशाचे चोवीस पडदे ओळीने बसवितात. एका सप्तकात बारा स्वरस्थाने, म्हणजे दोन सप्तकांचे चोवीस पडदे. तंजावूरचा रघुनाथ नायक हा सन १६०० ते १६३४ या काळात राज्य करणारा राजा. पडद्यांची ही स्थिर मांडणी परंपरा त्याच्या नावावर सांगते. पडदा बसविताना कारागीर मेण ऊब देऊन नरम करतो, पडदा दाबतो, तार छेडतो आणि कान देऊन ऐकतो. स्वर किंचित चढा लागला, की पडदा केसभर सरकवायचा. उतरला, की परत मागे आणायचा. मनासारखा स्वर लागला म्हणजे मेण थंड होऊ द्यायचे. थिजलेले मेण तो स्वर धरून ठेवते.

महाराष्ट्रातील श्रोत्याला येथे सतारीची आठवण होईल. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि वादक ते रागाप्रमाणे वरखाली सरकवितो. वीणेचे पडदे तसे नित्य सरकवावयाचे नसतात. तरी ते कायमचेही जखडलेले नसतात. काही वर्षांच्या वादनाने पडदे झिजतात, तारांच्या दाबाने आणि हवेच्या फरकाने स्वर हलतात. मग वीणा पुन्हा कारागिराकडे येते. तेच मेण पुन्हा नरम होते आणि तेच पडदे पुन्हा सुरात बसतात. मधमाशीचे मेण साधारण बासष्ट ते पासष्ट अंशांना वितळते, आणि त्याच्या पुष्कळ आधीच हळवे होते. म्हणूनच कोणताही जाणता वादक आपली वीणा उन्हात ठेवीत नाही. जो गुण दुरुस्तीला उपयोगी पडतो, तोच उन्हाळ्यात जपावा लागतो.

आता त्याच वीणेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. दांडीच्या वरच्या बाजूस खाली एक भोपळा जोडलेला असतो. वादक तो डाव्या मांडीवर टेकवितो. पूर्वी हा खरोखरीचा वाळलेला भोपळा असे, किंवा कागदाच्या लगद्याचा बनवीत. आता काही वीणांना ‘फायबर’चा, म्हणजे काचतंतूचा भोपळा असतो. त्याची कृती मेणाच्या अगदी उलट आहे. साच्यावर काचतंतूंचे कापड पसरतात आणि त्यात पॉलिएस्टर जातीची पातळ, चिकट राळ जिरवितात. राळेत आधी थोडेसे उत्तेजक द्रव्य मिसळलेले असते. काही वेळाने ती राळ आपोआप गरम होऊ लागते, मधासारखी दाट होते, मग खरवसासारखी थरथरते आणि अखेर दगडासारखी घट्ट होते. एकदा ती घट्ट झाली, की कारागिराच्या हातात काही उरत नाही. भोपळा वाकडा झाला तर तो वाकडाच राहतो. त्याला ऊब दिली तर तो थोडासा मऊसर होईल, परंतु वितळणार नाही. आच वाढविली तर करपेल. कानस लावता येईल, तुकडा चिकटविता येईल, पण त्याला पुन्हा पातळ करून नवा आकार देणे कोणालाही साधणार नाही.

एकाच वाद्यात नांदणारे हे दोन स्वभाव म्हणजेच प्लॅस्टिकच्या दोन मोठ्या कुळांचे स्वभाव होत. एक कूळ ऊब लागली की नरम होते, थंडाव्याने घट्ट होते, आणि हा फेरा पुनःपुन्हा चालू शकतो. त्याला ऊष्मामृदू प्लॅस्टिक म्हणतात. दुसरे कूळ घडण्याच्या वेळी एकदाच काय ते आकार घेते आणि मग कायमचे दृढ होते. ते ऊष्मादृढ प्लॅस्टिक. हा भेद समजावयास प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. तूप थिजते आणि पुन्हा पातळ होते. भाकरी मात्र एकदा भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही. कच्चे मडके पाण्यात भिजविले तर त्याचा चिखल होऊन कुंभाराला ते पुन्हा चाकावर चढविता येते. आव्यातून निघालेल्या खापराचा चिखल कधीच होत नाही.

हा भेद येतो कोठून? त्याचे उत्तर रेणूंच्या घडणीत आहे. प्लॅस्टिक हे बहुवारिक द्रव्य आहे. लहान लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन त्याची लांबच लांब साखळी बनते; एकेका साखळीत असे हजारो दुवे असू शकतात. हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनज्ञाने १९२० मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा पुष्कळ विद्वानांना ती पटली नाही. इतका मोठा रेणू असणेच शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे पुराव्यांनी श्टाउडिंगरचीच बाजू खरी ठरली आणि १९५३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

ऊष्मामृदू प्लॅस्टिकमध्ये या साखळ्या एकमेकींशेजारी किंवा एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात. परंतु त्या एकमेकींना बांधलेल्या नसतात. त्यांच्यात केवळ दुबळे आकर्षण असते. सुताच्या गुंत्यासारखे हे आहे. उष्णता दिली, की साखळ्यांची चळवळ वाढते, दुबळे आकर्षण हरते आणि त्या एकमेकींवरून घसरू लागतात. द्रव्य वाहू लागते. थंड झाले, की साखळ्या जेथल्या तेथे थांबतात. साखळी स्वतः तुटलेली नसते, म्हणून हा खेळ पुन्हा मांडता येतो. वीणेचे मेण हे खऱ्या अर्थाने बहुवारिक नव्हे, त्याचे रेणू पुष्कळच आखूड आहेत. पण दुबळ्या आकर्षणाचे आणि घसरण्याचे तत्त्व तेथेही तेच आहे.

ऊष्मादृढ प्लॅस्टिकमध्ये साखळ्यांना आडवे बंध पडतात, आणि हे बंध साखळीच्या दुव्यांइतकेच बळकट, रासायनिक बंध असतात. सुताचा गुंता न राहता प्रत्येक फुलीवर गाठ मारलेले जाळे तयार होते. सगळी वस्तू जणू एकच अवाढव्य रेणू बनते. आता उष्णता दिली तरी साखळ्या घसरणार कशा? गाठी त्यांना सोडीत नाहीत. पुरेशी उष्णता दिली तर गाठी तुटतील खऱ्या, परंतु त्याबरोबर साखळ्याही तुटतील. म्हणजे वस्तू वितळण्याऐवजी जळेल. भोपळ्याची राळ आपोआप तापते ती याच गाठी बांधल्या जात असताना. ती उष्णता म्हणजे जाळे विणले जात असल्याची खूण.

या दोन कुळांचा इतिहास पाहिला तर भारताचे नाव वारंवार येते. रबरापासून सुरुवात करावी. चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाने १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापविले, आणि उन्हाळ्यात चिकट होणारे रबर चिवट व टिकाऊ झाले. गंधकाने रबराच्या साखळ्यांमध्ये आडवे बंध घातले होते, पण हे कारण कळण्यास पुढे कित्येक दशके लागली. नंतर आला हस्तिदंताचा प्रश्न. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि हत्तींचा पुरवठा अपुरा पडू लागला होता. जॉन वेस्ली हायट याने या शोधातूनच सेल्युलॉइड तयार केले. त्याचे पेटंट १८७० चे. कापसाच्या तंतूवर आम्लांची क्रिया करून त्यात कापूर मिसळला, की ते द्रव्य ऊब देऊन हवे तसे दाबता येई. ते पेट घेण्यास मोठे तत्पर होते. तथापि ऊष्मामृदू कुळातील पहिले यशस्वी प्लॅस्टिक तेच.

हस्तिदंताची ही कथा तंजावूरपर्यंत पोहोचते. जुन्या वीणांवर हस्तिदंताच्या किंवा हरणाच्या शिंगाच्या पट्ट्या जडवून त्यांवर वेलबुट्टी कोरलेली दिसते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८६ मध्ये भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर आलेली बंदी आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंतालाही लागू झालेली तीच बंदी, यांनंतर ती जागा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ तक्त्यांनी घेतली. ज्या कारणासाठी हायटने शंभर वर्षांपूर्वी खटपट केली होती, तेच कारण तंजावूरच्या कारागिराच्या दारात येऊन उभे राहिले.

दुसरी कथा लाखेची. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या इवल्या कीटकांपासून मिळणारी लाख हे भारताचे जुने धन. बांगड्यांपासून मोहोरेपर्यंत ती कामास येई आणि जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्याही तिच्याच मिश्रणाच्या असत. लाख उबेने नरम होते, पण फार वेळ तापवीत ठेवली तर ती हळूहळू न वितळणारी बनते. दोन्ही कुळांच्या सीमेवर उभी असलेली ही निसर्गाची वस्तू. विजेच्या यंत्रांचे युग आले तेव्हा तारांभोवतीच्या निरोधनासाठी लाखेची मागणी एवढी वाढली, की तिला पर्याय शोधणे हा मोठा उद्योग झाला. मूळचा बेल्जियन आणि अमेरिकेत स्थायिक झालेला लिओ बेकलंड याने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून १९०७ मध्ये नवे द्रव्य सिद्ध केले आणि १९०९ मध्ये ते जगापुढे मांडले. हेच बॅकेलाइट. त्याच्या घडणीच्या तीन पायऱ्या बेकलंडने सांगितल्या. पहिल्या पायरीवर ते वितळते, दुसरीवर केवळ मऊ होते, आणि तिसरीवर उष्णतेला मुळीच दाद देत नाही. केवळ माणसाने घडविलेले हे पहिले प्लॅस्टिक ऊष्मादृढ कुळातले निघाले. ज्या काळी घराच्या कोनाड्यातील रेडिओभोवती सारी आळी जमत असे, त्या काळच्या कित्येक रेडिओंची तपकिरी पेटी याच बॅकेलाइटची होती. आणि लाखेच्या तबकड्यांची जागा १९४८ नंतर व्हिनाइलच्या दीर्घवादी तबकड्यांनी घेतली. ते द्रव्य पुन्हा ऊष्मामृदू. गरम करून दाबले, की सुरांच्या नागमोडी रेषा त्यावर उमटतात आणि थंड होताच कायम होतात. मेणाने वीणेचा स्वर धरावा, तसाच हा प्रकार.

घरात नजर फिरविली तर दोन्ही कुळे ठायी ठायी दिसतात. बादली, तांब्या, पाण्याची बाटली, नळाची पाइप, दुधाची पिशवी ही ऊष्मामृदू मंडळी. पॉलिथीन १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये एका प्रयोगात अनपेक्षितपणे हाती आले. त्याच्या जातीप्रमाणे ते साधारण एकशेदहा ते एकशेतीस अंशांना वितळते. प्रेशर कुकरची मूठ, विजेचे काळे बटन, मेलामाइनची बशी ही मात्र ऊष्मादृढ. ही निवड सहज झालेली नाही. चुलीशी ज्याचा संबंध आहे आणि विजेच्या ठिणगीशी ज्याची गाठ पडू शकते, तेथे वितळणारे द्रव्य घातक ठरले असते. कुकरची मूठ तूप विरघळावे तशी विरघळू लागली, तर स्वयंपाकघरात काय अनर्थ होईल?

कारखान्यातही या भेदाने कामाची रीत बदलते. ऊष्मामृदू प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबतात आणि साचा थंड ठेवतात, कारण थंड झाल्याखेरीज वस्तू आकार धरीत नाही. ऊष्मादृढ द्रव्य तापलेल्या साच्यात दाबून ठेवतात आणि त्याचे जाळे विणून होईपर्यंत थांबतात. वस्तू गरमागरम बाहेर काढली तरी तिचा आकार ढळत नाही. पहिल्या कारखान्यात कातरण आणि फसलेली वस्तू दळून पुन्हा भट्टीत घालता येते. दुसऱ्या कारखान्यात फसलेली वस्तू म्हणजे निव्वळ नुकसान. तेथील कारागिराला पहिल्याच वेळी बिनचूक काम करावे लागते.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. नावावरून कूळ ओळखण्यास जाऊ नये. पाण्याची पारदर्शक बाटली पॉलिएस्टरची, साडीचा धागाही पॉलिएस्टरचा, आणि वीणेच्या भोपळ्याची राळही पॉलिएस्टरचीच. पहिली दोन ऊष्मामृदू आहेत आणि तिसरी ऊष्मादृढ. आडनाव एक, घराणी दोन. साखळ्यांना आडवे बंध आहेत की नाहीत, हाच काय तो निवाडा.

आता या भेदाची खरी कसोटी. वस्तू निकामी झाली म्हणजे पुढे काय? भंगारवाल्याला याचे उत्तर पुस्तकावाचून ठाऊक असते. फुटकी बादली तो आनंदाने घेतो, कारण तिची दुसरी बादली होऊ शकते. बॅकेलाइटच्या मुठीकडे आणि फायबरच्या तुकड्यांकडे तो पाठ फिरवितो. ऊष्मादृढ कचऱ्याची पूड करून ती भरताड म्हणून वापरता येते, सिमेंटच्या भट्टीत तो जाळता येतो. परंतु पुनर्जन्म त्याच्या नशिबी नाही. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाशी मुप्पंदलच्या खिंडीत पवनचक्क्यांचे जे मोठे रान उभे आहे, त्यांसारख्या चक्क्यांची पाती काचतंतू आणि ऊष्मादृढ राळ यांचीच असतात. वारा, ऊन आणि पाऊस यांना ती दशकानुदशके पुरून उरावीत म्हणून तशी केलेली. त्यांची सेवा संपल्यावर त्यांचे करायचे काय, हा प्रश्न आज साऱ्या जगापुढे आहे. जो टिकाऊपणा कामात असताना गुण असतो, तोच काम संपल्यावर ओझे होतो.

म्हणून ऊष्मामृदू प्लॅस्टिक निर्दोष ठरले काय? तसेही नाही. रस्त्यांच्या कडेला, नाल्यांत आणि गुरांच्या पोटात जे साचते, ते बहुतांशी ऊष्मामृदूच असते. वितळविता येणे ही केवळ शक्यता आहे. कोणी गोळा केले, निवडले, धुतले आणि भट्टीपर्यंत नेले, तरच ती फळाला येते. पातळ पिशवीचे वजन इतके थोडे, की ती वेचण्याचे श्रमही भरून निघत नाहीत. शिवाय प्रत्येक वितळण्यात काही साखळ्या तुटून आखूड होतात, आणि द्रव्याचा कस उतरत जातो. म्हणूनच महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून अशा काही वस्तूंवरील बंदी देशभर लागू झाली. दोष द्रव्याच्या कुळात जितका असतो, त्याहून अधिक तो क्षणभराच्या कामाला शतकानुशतके टिकणारे द्रव्य लावण्याच्या सवयीत असतो.

शास्त्रज्ञांनी या दोन कुळांमधली भिंतही आता थोडी खाली आणली आहे. लुडविक लाइब्लर आणि त्याच्या पॅरिस येथील सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक निराळे जाळे तयार केले. त्यात आडवे बंध असतात, तरी पुरेशी उष्णता मिळाली की हे बंध एकमेकांत जागा बदलतात. एक गाठ सुटते तोच दुसरी बांधली जाते. गाठींची संख्या कायम राहते आणि वस्तूला नवा आकार देता येतो. अशा द्रव्यांना व्हिट्रिमर म्हणतात. ती अजून घरोघर पोहोचलेली नाहीत. परंतु बळकटी आणि दुरुस्ती यांत नेहमीच वैर असले पाहिजे असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

तंजावूरच्या वीणेने ही जोडी आपल्या परीने फार पूर्वीच जुळविली होती. हे शहर मराठी माणसाला परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते. तुळजाराजांनी येथे ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य करणाऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. त्या शिलालेखाचे साल १८०३. दगडात कोरलेले अक्षर बदलण्यासाठी नसते, म्हणून त्याला दगड निवडला. २०१३ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळालेली तंजावूरची वीणा मात्र दोन्ही गोष्टी मागते. तिचा घट आणि दांडी पिढ्यान्‌पिढ्या टिकावी म्हणून फणसाच्या जुन्या लाकडाची. आणि तिचे स्वर पुन्हा पुन्हा पारखता यावेत म्हणून मेणाच्या काठावर ठेवलेले.

कोणती वस्तू कायमची घट्ट करावी आणि कोणती पुन्हा नरम होऊ शकेल अशी ठेवावी, हा विचार कारागीर काम हाती घेण्यापूर्वीच करतो. प्लॅस्टिकची वस्तू घडविणाऱ्याने आणि ती विकत घेणाऱ्यानेही तो तेव्हाच केलेला बरा. तंजावूरच्या त्या कार्यशाळेत जुनी वीणा परत येते, पडदे उतरविले जातात, काळे मेण नरम होते, आणि कारागीर पुन्हा एकदा पहिल्या पडद्यावर तार दाबून कान देतो.